दुलारीबाई घर पाहते

कुत्र्याचं पिलू मागायला आलेल्या माणसाला दुलारीबाई पटलेने त्याच दिवशी पिलू दिलं, असं कधी झालं नाही. मग तो मोठा साहेब असो की तिच्या चुलत भावाचा जावई. "पत्ता सांगून जा," एवढंच म्हणायची आणि सुपातल्या तांदळाकडे वळायची. लोक चिडायचे. बाई, कुत्र्याचं पिलूच मागतोय, तुमची धानाची बांधी नाही लिहून मागत, असं तिरोड्याच्या एका कापडवाल्याने तिला तोंडावर ऐकवलं होतं. त्याला ती शिव्या देत देत बोदलकशाच्या रस्त्यापर्यंत सोडून आली.

मग आठ-पंधरा दिवसांनी, न सांगता, ती त्या पत्त्यावर हजर व्हायची. आपल्याकडे मुलीसाठी घर पाहायला गेलेली माणसं जशी पायरीवर बसतात तशी बसायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं: पाणी आणा. पाणी कोण आणतं, किती वेळाने आणतं, कोणाला ओरडून आणायला लावतं, हे ती बघायची. तांब्या हातात घेऊन सरळ मागच्या अंगणात जायची. गोठ्यातलं टाकं भरलेलं आहे का, बैलाच्या मानेवर जखम आहे का, दावं किती लांब आहे. घरच्या मालकाने चहाचा आग्रह केला की तिचा संशय उलट वाढायचा. बैलाची मान फुटलेली दिसली की ती परत यायची आणि त्या घराला पिलू नाही म्हणजे नाही.

हे वेड तिला आपोआप नाही लागलं. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, बोदलकशाच्या तलावावरच्या विश्रामगृहात राहणाऱ्या एका इंजिनीयरची बदली झाली आणि तो गडी आपला लॅब्राडोर तिथेच सोडून चालता झाला. बादशाह त्याचं नाव. उन्हाळ्यात धापा टाकायचा, गोचिडांनी भरलेला, पण स्वभावाने गाय. तो दुलारीबाईच्या दारी येऊन पडला तो तिथलाच झाला. तिच्याकडे काबरी नावाची गावठी कुत्री होती, काटक, शहाणी, डाव्या मागच्या पायाचं एकच बोट पांढरं. दोघांची पाच पिल्लं झाली. आईचा काटकपणा आणि बापाचा जीव लावण्याचा स्वभाव, अशी पिल्लं कोणाला नको? मागेल त्याला तिने देऊन टाकली. वर्षाच्या आत पाचातली चार मेली. एक सडक अर्जुनीला ढाब्यापुढे ट्रकखाली, एक रक्ताची हगवण लागून, एक वीटभट्टीवर साखळीला बांधल्या जागी उन्हात. चौथं कोणीतरी पोत्यात घालून जंगलात सोडलं. पाचवी मादी तेवढी वाचली, ती दुलारीबाईने परत आणली.

त्या वर्षी दुलारीबाई लोकांवर जेवढी चिडली त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडली. आणि मग तिने तिचे कायदे केले. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय नराजवळ जाऊ द्यायची नाही. एकदा व्याली की पुढची दोन वर्षं आराम. तीन वेतं झाली की तिरोड्याच्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन. चावरी किंवा मागच्या पायाने लचकणारी असेल तर कितीही देखणी असो, तिची पिल्लं घ्यायची नाहीत. नर नेहमी दूरचा, रक्ताच्या नात्यातला अजिबात नाही. पिल्लू दोन महिने आईजवळ, इंजेक्शनं झाल्यावर बाहेर. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला एक खूण शिकवली होती. कुत्रीच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढायची. आत लालसर दिसलं तर अंगात रक्त आहे, पांढरं दिसलं तर तिला व्यायला लावणं म्हणजे मारणं. आणि शेवटची अट, जी ती पिलू हातात देताना माणसाच्या डोळ्यात बघून सांगायची: "नाई जमलं त फेकाचं नाई. माह्या दारी आनून द्याचं. मी काऊन म्हनून इचारनार नाई."

दहा-अकरा वर्षांत तिने अशी सोळा घरं पाहून पिल्लं दिली. सतरावं घर तिने पाहिलं नाही, आणि ही सगळी गोष्ट त्या सतराव्या घराची आहे.

ते तिच्या लेकीचं सासर होतं. रविताला दोन हजार सहा साली गोंदियाला दिलं होतं, चुन्नीलाल रहांगडालेंच्या खुमेंद्रला. रेल्वे फाटकाजवळ तीन मजली घर, खाली हार्डवेअरचं दुकान. दोन वर्षांनी व्याह्यांचा निरोप आला की आम्हाला एक पिलू पाहिजे. त्या वेताची एकच मादी उरली होती, मोहाच्या बीसारखी तपकिरी आणि चकचकीत. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात, म्हणून तिचं नाव टोरी. पायाचं पांढरं बोट पणजी काबरीकडून आलेलं.

आता सांगा, व्याह्यांच्या घरी जाऊन पाणी कसं मागायचं? लेकीच्या सासरी तिच्या आईने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, ही रीत दुलारीबाईच्या आईने पाळली, आजीने पाळली. आणि पाणी मागून वर त्यांचं अंगण तपासायचं म्हणजे तर व्याह्यांच्या थोबाडीत मारण्यासारखं. दुलारीबाईने जीभ चावली आणि टोरीला खुमेंद्रच्या हवाली केलं. अटसुद्धा सांगितली नाही. घरच्याच माणसाला काय अट सांगायची?

तीन वर्षं फोनवर विचारत राहिली. टोरी बरी हाय का? रविता म्हणायची, बरी हाय. आणि तू? बरी हाय. गेल्या दोन दिवाळ्या रविता माहेरी आली नाही. एकदा दुकानात गर्दी होती, एकदा तब्येत बरी नव्हती, एक मूल पडलं होतं म्हणे. दुलारीबाईने ऐकून घेतलं.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये देवरीचे भोजराज गुरुजी बस बदलत बदलत खोक्यात पिलू घेऊन आले. हा भला माणूस. दुलारीबाईने त्यांचं घर पाहून होकार दिला होता, पण पुढच्या वेतापर्यंत थांबा म्हटलं होतं. गुरुजींना धीर निघाला नाही आणि त्यांनी गोंदियाहून लॅब्राडोर म्हणून पिलू विकत आणलं. खोकं उघडलं तर महिन्याभराचं पोर, पोट जंतांनी फुगलेलं, मागचे पाय थरथरत असलेले, खालचा जबडा इतका आखूड की दूध पाजलं तर निम्मं बाहेर सांडायचं.

दुलारीबाईने त्याचा डावा मागचा पाय हातात घेतला. एक बोट पांढरं होतं.

कुठून आणलं, तिने विचारलं. गुरुजी म्हणाले, फाटकाजवळचे हार्डवेअरवाले विकतात, दरवेळी लगेच संपतात. फसवणूक नको म्हणून मी आईबाप दोन्ही दाखवा म्हटलं. दोन्ही मागच्या अंगणातच बांधलेले. अगदी सारखे दिसतात हो, म्हणून जात पक्की समजलो.

"सारखेच दिसनार, गुरुजी," दुलारीबाई म्हणाली. "माय-लेक होत ते."

गुरुजींचा चेहरा उतरला. पिलू दुपारी तिच्या मांडीवर गेलं. तिने ते कुंपणाजवळ पुरलं, हात धुतले, आणि मग जी बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. पहिल्याच माजाला टोरीला लावलं असणार, त्यातला एक नर ठेवून घेतला असणार, आणि तोच परत आईवर. तीन वर्षांत किती वेतं केली असतील? देवा, या माणसांच्या घरात मी पोरगी दिली.

जागेश्वर, तिचा नवरा, गरीब स्वभावाचा. बोलणं संपायची वाट पाहून तो म्हणाला, "पोरीच्या संसाराचा इचार कर. एका कुत्रीपायी इवायाशी बिघडवशीन त भोगन रविता." हे खोटं नव्हतं. दुलारीबाई गोंदियाला जाऊन भांडून येईल आणि आपल्या घरी झोपेल. टोमणे खात भाकऱ्या थापायला मागे उरेल रविता. तीन दिवस दुलारीबाई या एका गोष्टीवर चरफडत राहिली. गुरांना ओरडली, भांडी आपटली, शेजारणीशी उगाच वाजवून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी फोन केला. टोरी बरी हाय का? रविता म्हणाली, बरी हाय. आवाजात काही सुद्धा हललं नाही. दुलारीबाईने फोन ठेवला, नवं लुगडं नेसली आणि बस पकडली.

दुकानात चुन्नीलाल गल्ल्यावर होते. खुमेंद्र पाईप मोजत होता, तो सासूच्या पाया पडला आणि परत मोजायला लागला. वर बैठकीत विहीण सुमित्राबाईंनी खुर्ची दिली. रविता डोक्यावर पदर घेऊन आली, पाया पडली, तिच्यामागे साडेतीन वर्षांची टीना.

"पानी आन," दुलारीबाई लेकीला म्हणाली.

सुमित्राबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, "अरे समधन, आप तो हमारे यहाँ पीती नहीं न." रविता गोंधळून सासूकडे बघत राहिली. सासूने मान हलवल्यावर ती आत गेली. म्हणजे या घरात पाण्यालासुद्धा परवानगी लागते, हे दुलारीबाईने मनात टिपलं. तांब्या आला. तिने सगळ्यांदेखत एक घोट घेतला आणि तांब्या तसाच हातात धरून जिना उतरून मागच्या अंगणात गेली. सुमित्राबाई मागून अहो अहो करत राहिल्या.

पत्र्याखाली, सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला, टोरी होती. साखळी इतकी आखूड की मान खाली टेकली की ताठ व्हायची. भांड्यात वाळलेला भात, पाणी नाही. आचळं जमिनीला लोंबलेली, फासळ्या मोजून घ्याव्यात. पलीकडच्या भिंतीला तिचाच पोरगा बांधलेला. टोरी भुंकली नाही. दुलारीबाई खाली बसली, तेव्हा कुत्रीने तिचा हात हुंगला, मनगट हुंगलं, आणि मग शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, ते तिने एका दमात संपवलं. दुलारीबाईने तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक.

तोवर चुन्नीलाल आले होते. ते आधी नरमाईने बोलले, मग दुकानदारी आवाजात. बाई, कुत्ती ही तो है. तुम्हीही पिल्लं काढता, आम्हीही काढली. तुमचं ते पुण्य आणि आमचं पाप कसं काय? पिल्लं चांगल्या घरी जातात, लोक आनंदाने नेतात.

दुलारीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस साठवलेलं सगळं तिने त्या अंगणात रिकामं केलं. मायवर लेक घालता, आणि वर मला पुण्य विचारता? वाकड्या जबड्याचं पोर माझ्या मांडीवर मेलं, ते कोणत्या चांगल्या घरी गेलं? मी दोन वर्षांत एक वेत घेते आणि मधे तिला खाऊ घालते, आराम देते. तुम्ही एक वेत सुकायच्या आत दुसरं लावता. मी नको त्या घराला नाही म्हणते, तुम्ही कोणालाच नाही म्हणत नाही. जीव व्यायला लावायचा असेल तर आधी तिच्या अंगात रक्त आहे का ते बघावं लागतं. कधी बघितलं? एकदा तरी पापणी ओढून बघितली? चुन्नीलाल लाल झाले. शेजारच्या गच्चीवर दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या.

साखळीचा आकडा गंजून बसला होता. दुलारीबाईच्या बोटांनी तो निघेना, तशी मागोमाग खाली आलेली रविता पुढे झाली आणि शेजारी बसून दोन्ही हातांनी ओढू लागली. सवयीने ओढत होती. टोरीला लपूनछपून तीच सोडत असावी. पदर डोक्यावरून घसरला. उन्हात दुलारीबाईने लेकीचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. ओठ तिच्या साडीच्या काठासारखे फिके. पोट थोडं पुढे.

दुलारीबाईचा हात आपोआप गेला. इतकी वर्षं कुत्र्यांच्या डोळ्यांना लावलेलं तेच बोट तिने लेकीच्या डोळ्याखाली ठेवलं आणि पापणी ओढली.

तेच पांढरं.

"कितवा?" तिने विचारलं.

"चवथा."

"मधात किती पडले?"

रविता आकड्याशी झटत राहिली. मग म्हणाली, "दोन. एकाचं तुले सांगतलं नाई. फोनजवळ कोनी ना कोनी उभं राह्यत जाय."

टोरी बरी आहे, मी बरी आहे. तीन वर्षं एकाच सुरात दोन्ही सांगितलेलं दुलारीबाईला त्या क्षणी कानात ऐकू आलं. कुत्रीबद्दलचं खोटं तिला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. लेकीबद्दलचं त्याच वाक्यात होतं आणि आपण भैताडासारखं ते सोडून दिलं.

सुमित्राबाई म्हणाल्या, एक लडका हो जाए, फिर आराम ही आराम है. तेवढ्याने दुलारीबाई उठली. आता ती ओरडली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला माहीत आहे की ती ओरडत नाही तेव्हा जास्त भ्यावं. तिने टीनाला कडेवर घेतलं, साखळी रविताच्या हातात दिली आणि चल म्हटलं.

चुन्नीलाल दारात आडवे झाले. कुत्री न्या, शंभरदा न्या, पण सुनेला या हालतीत कुठे नेता? समाजात आमची इज्जत आहे. पोरगी एकदा दिली की दिली.

"इवाईबुवा," दुलारीबाई म्हणाली, "पिलू देतानी मी सोळा लोकाईले सांगतलं, नाई जमलं त फेकाचं नाई, माह्या दारी आनून द्याचं. पोरगी देतानी सांगाचं राह्यलं. आता सांगून राहिली."

चुन्नीलाल हलले नाहीत. हलला तो खुमेंद्र. पाईप ठेवून आला आणि बापाला हाताला धरून बाजूला घेतलं. बायकोकडे मात्र बघितलं नाही. दुलारीबाई त्याला जाता जाता म्हणाली की जावई, यायचं असेल तर या, पाणी मिळेल, पण त्या पोराला आधी दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणा. पलीकडच्या भिंतीला बांधलेल्या कुत्र्याबद्दल बोलत होती. खुमेंद्रला ते कळलं की नाही, माहीत नाही.

कुत्री बसमध्ये घेईनात, म्हणून तिने मालवाहू ऑटो केला. मागे रविता पाय पसरून बसली, टोरीचं डोकं तिच्या मांडीवर, टीना आजीच्या मांडीवर झोपलेली. कोणी रडलं नाही. दुलारीबाई आधी तिरोड्याला सरकारी दवाखान्यात उतरली, रविताचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टरीणबाई रविताला सोडून तिलाच रागावल्या, इतके दिवस कुठे होतात म्हणून. दुलारीबाईने खाली मान घालून ऐकून घेतलं. आयुष्यात कोणाचं तिने असं ऐकून घेतलं नव्हतं. मग गुरांच्या दवाखान्यात टोरीला दाखवलं.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. जागेश्वर फाटकात उभा होता. आधी त्याला कुत्री दिसली, मग लेक, मग लेकीचं पोट. तो पुढे होऊन काही विचारणार, त्याआधी दुलारीबाईनेच विचारलं. पाच वर्षांपूर्वी हा, तिचा भाऊ आणि समाजातले दोन म्हातारे रविताचं घर पाहायला गोंदियाला गेले होते. बायका जात नाहीत, म्हणून ती गेली नव्हती. परत आल्यावर घर चांगलं आहे म्हणाले होते आणि तिने पुढे एक प्रश्न केला नव्हता, ती, जी कुत्र्याच्या पिलासाठी बैलाची मान तपासते.

"घर पाहाले गेलते तुमी," ती म्हणाली. "पानी कोनं आनलं होतं?"

जागेश्वर आठवत राहिला. त्याला आठवेना.

"मंग काय पाह्यलं?"

जागेश्वरने रविताकडे बघितलं, टोरीकडे बघितलं.

"दुकान," तो म्हणाला.